कर्ता विसरायला लावणारा गोंगाट

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यात, एस्कॉट पार्क नावाची एक जुनी जमीनदारी इस्टेट आहे. करोनाचा खंड सोडला तर २००३ पासून दर ऑगस्टमध्ये तिथल्या कुरणांवर तंबू पडतात आणि ‘ब्यूटिफुल डेज’ हा तीन दिवसांचा महोत्सव भरतो. ब्रायटनचा ‘द लेव्हलर्स’ हा बँड तो भरवतो, आणि रविवारी रात्री मुख्य मंचावरचा शेवटचा कार्यक्रमही त्याचाच असतो. फिडल, विजेची गिटार, मधूनच डिजरिडू आणि उभ्या माणसाला उड्या मारायला लावणारा ड्रमचा वेग. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला हा नुसता गलका वाटला तर त्याचं फारसं चुकत नाही. मात्र फोक-पंक या प्रकाराची कोणतीही रात्र घ्या, ती डेव्हनच्या कुरणावरची असो की सेंट पॅट्रिकच्या सणाला बॉस्टनमध्ये ‘ड्रॉपकिक मर्फीज’ रंगवतात ती असो. ध्रुवपद आलं की गायक माइकपासून मागे सरकतो आणि गाणं गर्दी म्हणते. या वर्तुळात घोळवल्या जाणाऱ्या कितीतरी गाण्यांबद्दल गाणाऱ्यांची पक्की समजूत असते की ती शे-दोनशे वर्षांची, पिढीजात आहेत. प्रत्यक्षात त्यांतली काही १९४९ ची, काही १९७१ ची, काही १९७९ ची आहेत. कर्त्याचं नाव, गाव, सगळं नोंदलेलं आहे. जाणकार या अज्ञानावर हसतात. मला ते या रात्रींची सर्वांत मोलाची कमाई वाटतं. गाण्याला आपल्या कर्त्याची गरज उरली नाही की ते लोकगीत होतं, मग त्याचं वय काहीही असो. ही गरज संपवण्याचं काम आज ज्या थोड्या जागी होतं, त्यांत हा गोंगाटाचा मंच अग्रभागी आहे.

आधी हा प्रकार जमला कसा ते पाहू. १९७६-७७ मध्ये लंडनमध्ये पंक उसळलं. वाद्यावर प्रभुत्व असल्याशिवाय मंचावर चढू नये, हा संकेत त्याने मोडला. त्या काळच्या एका घरगुती छपाईच्या अंकात गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या काढून, एवढं येत असेल तर आता बँड काढा, असा सल्ला दिला होता. १९८२ मध्ये लंडनच्याच किंग्ज क्रॉस भागात ‘द पोग्स’ उभे राहिले. त्यांचा गायक शेन मॅकगोवन १९५७ च्या नाताळात केंटमध्ये जन्मलेला, आयरिश आईबापांचा मुलगा. बालपणाचा काही काळ टिपररीच्या आजोळी गेलेला. जेम फायनर बँजो वाजवी, जेम्स फर्नली अकॉर्डियन, अँड्र्यू रँकेन उभ्यानेच मोजके ड्रम बडवी, आणि स्पायडर स्टेसी टिन व्हिसल फुंकता फुंकता मधेच बिअरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरी. विनोद बाजूला ठेवला तर यामागे संगीताचं साधं गणित आहे. आयरिश पोल्का दोन मात्रांची: पहिल्या मात्रेवर खर्ज, मधल्या अर्ध्यावर तडाखा. पंकचा वेगवान ठेका नेमका असाच चालतो. शिवाय दोन्हीकडे कडवं-ध्रुवपद-कडवं अशी बांधणी, चाल सोपी आणि स्वरांचा पल्ला बेताचा, म्हणजे न शिकलेल्या गळ्यालाही पेलणारा. म्हणून ही सोयरीक ओढूनताणून केल्यासारखी वाटत नाही. त्याच सुमारास अमेरिकेत मिलवॉकीच्या ‘व्हायोलंट फेम्स’ने, आणि इंग्लंडात एकट्याने विजेची गिटार घेऊन फिरणाऱ्या बिली ब्रॅगने, वेगळ्या वाटांनी तोच मुक्काम गाठला. ब्रॅगने १९८३ च्या तबकडीच्या वेष्टनावर २ पौंड ९९ पेन्सपेक्षा जास्त किंमत देऊ नका असं छापलं होतं.

आता गाण्यांकडे येऊ. ‘डर्टी ओल्ड टाउन’ पोग्सनी १९८५ च्या तबकडीत घेतलं आणि तेव्हापासून ते या वर्तुळाचं जणू राष्ट्रगीत झालं. गाणं डब्लिनचं आहे अशी अनेकांची खात्री असते, कारण पोग्सच्या आधी ‘द डब्लिनर्स’नी ते गाजवलं होतं. ते मुळात आयरिशही नाही. मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्डच्या गिरणगावावर, तिथेच जन्मलेल्या यूअन मॅककॉलने ते १९४९ मध्ये एका नाटकासाठी लिहिलं. मंचावरचं नेपथ्य बदलेपर्यंतचा वेळ भरून काढायचा होता. सुरुवातीला त्यात सॅल्फर्डचं नाव होतं, पुढे तेही गळालं. आधी गाव गेलं, मग कर्ता गेला. यातली गंमत अशी की हाच मॅककॉल पुढे लंडनच्या फोक क्लबांमधला सर्वांत कडक मास्तर झाला. गायकाने आपल्याच देशाची, आपल्याच भाषेची गाणी म्हणावीत, असा त्याच्या क्लबाचा दंडक होता. त्याचं स्वतःचं गाणं मात्र अमर केलं ते हा दंडक धाब्यावर बसवणाऱ्यांनी.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या कत्तलीवरचं ‘द बँड प्लेड वॉल्ट्झिंग माटिल्डा’ ऐकताना, हे एखाद्या पाय गमावलेल्या सैनिकानेच रचलं असावं, असं वाटतं. ते लिहिलं एरिक बोगल या स्कॉटलंडमधून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या तरुणाने, १९७१ मध्ये, युद्धानंतर अर्धशतकाने. गाण्यात चुकाही आहेत. ऑस्ट्रेलियन तुकड्या मुख्यतः अॅन्झॅकच्या खाडीत उतरल्या, गाण्यात सुव्हला येतं. लोखंडी शिरस्त्राणंही त्यांना त्या मोहिमेत मिळालेली नव्हती. ‘द फील्ड्स ऑफ अॅथनराय’चीही तीच कथा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. पोरांसाठी धान्य चोरून काळ्या पाण्यावर निघालेल्या बापाचं हे गाणं पीट सेंट जॉन या डब्लिनकराने १९७९ मध्ये रचलं. गाण्यातला कैदी बॉटनी बेला निघतो. खरं तर न्यू साउथ वेल्सकडे कैदी धाडणं दुष्काळाच्या आधीच, १८४० मध्ये, जवळपास थांबलेलं होतं. इतिहासाच्या कसोटीवर या चुका आहेतच. पण जुने पोवाडे आणि बॅलड तरी सनावळ्यांना कधी जुमानत होते? सेंट जॉनच्या वाट्याला तर आणखी एक प्रकार आला: हे गाणं १८८० च्या दशकातल्या एका छापील पत्रकावरून उचललं आहे असा दावा पुढे आला, आणि ते आपलंच आहे हे त्याला सांगावं लागलं. दाव्याला आधार सापडला नाही. हयात कवीला स्वतःच्या गाण्याची मालकी सिद्ध करावी लागते, इतकं ते दहा-वीस वर्षांत लोकांनी पचवलं होतं.

यावर कोणी म्हणेल, की हे अज्ञानाचं उदात्तीकरण झालं; लोकगीताची शास्त्रीय व्याख्या काही वेगळंच सांगते. ती व्याख्या तपासून पाहावी. सेसिल शार्पने १९०७ मध्ये लोकगीताच्या तीन कसोट्या मांडल्या: परंपरेचं सातत्य, गाताना होणारे बदल, आणि त्यांतून समाज करतो ती निवड. १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने ब्राझीलमध्ये याच तिन्हींवर आपली व्याख्या बेतली आणि एक महत्त्वाची भर घातली. एका व्यक्तीने रचलेलं गाणंही समाजाच्या जिवंत परंपरेत मुरलं, तर ते लोकसंगीतच. म्हणजे तज्ज्ञांनी दार उघडंच ठेवलं होतं. मराठी वाचकाला हा मुद्दा उमजायला सोपा आहे आणि थोडा अवघडही. आपल्याकडे कर्त्याचं नाव विरघळू नये याची तजवीज गाण्यातच असते: अभंगाच्या शेवटी संतांची मुद्रा, लावणी-पोवाड्याच्या शेवटी शाहिराचं नाव. इंग्रजी आणि आयरिश बॅलडमध्ये ही सोय नसते, तिथे नाव वाऱ्यावर असतं. आणि आपल्याकडेही लोकांनी काय केलं? तुकोबांची मुद्रा लावून इतके अभंग रचले की खरे कोणते आणि क्षेपक कोणते, हे निवडताना संपादक दमले. नाव राहिलं, पण ते अनेकांचं झालं.

खरा भक्कम आक्षेप पुढचा आहे. सातत्य आणि निवड मान्य केली तरी बदलांचं काय? पूर्वी गाणं तोंडातोंडी जाई आणि दर गळ्यात थोडं वळे. आता पोग्सचं ध्वनिमुद्रण सर्वांसमोर आहे. गर्दी म्हणते ते तंतोतंत तेच. परंपरा कसली, ही तर पाठांतराची स्पर्धा! या आक्षेपात तथ्य आहे. ध्वनिमुद्रण चालीला खिळा ठोकतं हे खरंच. तरी शब्दांचा खिळा लोक उपटतात, आणि याचा उत्तम पुरावा ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ आहे. मॅकगोवनने मॅककॉलच्या मुलीबरोबर, कर्स्टीबरोबर गायलेलं हे १९८७ चं नाताळगीत ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि २००५ पासून दर डिसेंबरला तिथे परततं. त्यातल्या भांडणाऱ्या जोडप्याच्या तोंडी समलिंगी पुरुषांना हिणवणारी एक शिवी आहे. १९९२ मध्ये दूरचित्रवाणीवर कर्स्टीने स्वतःच ती ओळ बदलून गायली. २०२० मध्ये बीबीसीच्या तरुणांच्या वाहिनीने बदललेली आवृत्ती लावली, प्रौढांच्या वाहिनीने मूळ ठेवली आणि वर्तमानपत्रांत रण माजलं. मॅकगोवनची बाजू अशी होती की पात्र वाईट आहे म्हणून शब्द वाईट आहे, पण तो वगळला तरी आपली हरकत नाही. एकाच गाण्याचे दोन पाठ, दोन समाजगट, आणि कर्ता बाजूला: शार्पने वर्णिलेली प्रक्रिया यापेक्षा वेगळी काय होती? अॅथनरायची चालही लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींनी उचलून आपल्या मैदानावर नवे शब्द बसवले. आणि १४ जून २०१२ रोजी गडान्स्कमध्ये स्पेनकडून ४-० असा मार खाताना आयर्लंडचे हजारो पाठीराखे शेवटची काही मिनिटं तेच गात राहिले. त्यानंतर त्या गाण्याचा अर्थ दुष्काळापुरता उरला नाही.

पारंपरिक आयरिश वादकांचा रागही समजून घ्यायला हवा, कारण त्यांचं खरोखर नुकसान होतं. शॉन-नोस ही आयरिशमधली साथीविना गायकी दर कडव्याला स्वर वेगळा वळवते; युलियन पाइप्स या भात्याच्या वाद्यावरची संथ धून हळूहळू उलगडते. हजारो वॉटच्या ध्वनिक्षेपकासमोर यातलं काहीही तगत नाही. ऐंशीच्या दशकात काही नामांकित वादकांनी पोग्सची निर्भर्त्सना केली ती नुसत्या मत्सरापोटी नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की फोक-पंकवर त्या सूक्ष्म कलेच्या जतनाची जबाबदारी टाकणं चूक आहे. ते काम करणारी व्यवस्था आयर्लंडमध्ये आहे आणि चांगली आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेली कोलतस ही संस्था स्पर्धा, वर्ग आणि वार्षिक मेळावे भरवते आणि तिच्या महामेळ्याला लाखो लोक जमतात. तिथे कला टिकते, पण ती येणाऱ्यांची राहते. न येणाऱ्यांना गाता येईल असं गाणं दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं लागतं. हे दोन प्रवाह शत्रू नाहीत याची साक्ष १९८७ मध्येच मिळाली. तेव्हा पंचविशीला टेकलेले डब्लिनर्स आणि पोग्स यांनी मिळून ‘द आयरिश रोव्हर’ गायलं आणि ते आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. तिकीट काढून, मनगटी पट्टा बांधून, कुंपणाच्या आत शिरलेल्या गर्दीला ‘लोक’ म्हणायचं का? इथे थोडा इतिहास लागतो. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात इंग्लंडात विनातिकीट महोत्सव होत, जुन्या बसगाड्यांतून फिरणारे भटके तरुण त्यांचा कणा. १ जून १९८५ रोजी स्टोनहेंजच्या महोत्सवाकडे निघालेल्या अशाच ताफ्याला विल्टशरमध्ये पोलिसांनी अडवलं, गाड्या फोडल्या आणि पाचशेहून अधिक लोकांना अटक केली. लेव्हलर्सचं त्या घटनेवरचं गाणं १९९१ चं आहे. बँडचं नावच मुळी १६४० च्या दशकात इंग्लंडच्या यादवीत समान हक्क मागणाऱ्या गटाचं. पुढे १९९४ च्या फौजदारी कायद्याने उघड्यावरच्या रात्रीच्या संगीत-जमावांवर बंधनं आणली आणि त्यात एकसारखा, पुनःपुन्हा येणारा ठेका हेही गुन्ह्याचं लक्षण म्हणून लिहिलं. कायद्याच्या पुस्तकात तालाची व्याख्या येणं हा मासला जपून ठेवण्याजोगा आहे. म्हणजे कुंपण आणि तिकीट ही या संगीताची हौस नव्हती. उघडं माळरान कायद्याने मिटल्यावर उरलेली ती वाट होती. त्या वाटेवरही लेव्हलर्सनी एक पथ्य पाळलं: ब्यूटिफुल डेजला कंपन्यांचं प्रायोजकत्व नाही, जाहिराती नाहीत, मंचाला कुणा पेयाचं नाव नाही. तिकीट तरीही स्वस्त नसतं, आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्यापुरतं हे सगळं तत्त्वज्ञान कुंपणाबाहेरच राहतं. हा दोष मी झाकणार नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनच्या ‘प्लॅन-इट-एक्स’ या छोट्या कंपनीने त्याचं उत्तर शोधलं होतं: अगदी कमी किमतीच्या ध्वनिफिती, तळघरांत आणि बैठकीच्या खोल्यांत कार्यक्रम, साधी गिटार आणि वॉशबोर्ड. तिथे मंचच नसे, त्यामुळे मागे सरकायला गायकालाही जागा नसे.

दारूचा आणि हिरव्या टोप्यांचा आरोप मला या सगळ्यांत कमी महत्त्वाचा वाटतो, पण तो वारंवार होतो. परदेशात जन्मलेल्या आयरिशांनी आणि आयरिश नसलेल्यांनीही आयर्लंडचं सोंग घेऊन घसा फोडायचा, हे हास्यास्पद दिसतं खरं. तरी सोंगाआडची माणसं पाहावीत. १९७४ च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत २१ जण ठार झाल्यानंतर इंग्लंडात आयरिश उच्चार तोंडातून निघणं हेच संशयाचं कारण ठरे. त्या प्रकरणी सहा निरपराधांना जन्मठेप झाली. त्यांच्या बाजूने पोग्सनी केलेल्या गाण्याच्या प्रसारणावर १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये बंदी आली, आणि सहाही जण १९९१ मध्ये निर्दोष सुटले. अशा वर्षांत लंडनच्या पबमध्ये बँजो वाजवणं हे निव्वळ सोंग नव्हतं. न्यूयॉर्कच्या ‘गोगोल बोर्देलो’चा युजीन हट्झ घ्या. कीव्हजवळ जन्मलेला, आजोळकडून रोमा रक्ताचा, चेर्नोबिलनंतर घर सोडून निर्वासित म्हणून अमेरिकेत पोहोचलेला. त्याच्या बँडमध्ये फिडल आणि अकॉर्डियनवर रोमा चाली पंकच्या वेगाने धावतात. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून निघाले आणि त्यांच्या भाषेत आजही आपल्याला ओळखू येतील असे अंक आणि नातेवाचक शब्द आहेत. शुद्ध परंपरा कोणती, हा प्रश्न अशा माणसाला विचारावा तरी कसा?

३० नोव्हेंबर २०२३ रोजी मॅकगोवन गेला. ८ डिसेंबरला टिपररीतल्या नीना गावच्या चर्चमध्ये अंत्यविधीच्या वेळी ग्लेन हॅन्सर्ड आणि लिसा ओ’नील यांनी ‘फेअरीटेल’ गायलं तेव्हा लोक बाकांमधून उठून नाचले. त्यानंतर स्टेसी, फायनर आणि फर्नली हे तिघे २०२४ मध्ये लंडनमध्ये पहिल्या तबकडीची चाळिशी साजरी करायला एकत्र आले, २०२५ मध्ये दुसऱ्या तबकडीसाठी दौऱ्यावर निघाले, आणि मॅकगोवनच्या जागी त्यांनी एकच गायक उभा न करता गाणी तरुण गायक-गायिकांमध्ये वाटून दिली. कायदा मात्र आपल्या गतीने चालतो. कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क शाबूत, या ब्रिटिश नियमाने १९८९ मध्ये वारलेल्या मॅककॉलचं ‘डर्टी ओल्ड टाउन’ २०५९ अखेरपर्यंत त्याच्या वारसांचं आहे, आणि मॅकगोवनने एकट्याने लिहिलेली गाणी २०९३ पर्यंत. ‘फेअरीटेल’चा सहलेखक जेम फायनर हयात आहे, तेव्हा त्या गाण्याची वर्षं मोजायला अजून सुरुवातच व्हायची आहे.